परसदारी मांडव घालताना...

बंगला वा रो-हाउस घेणाऱ्याच्या मनात पहिल्या वर्षीच एक इच्छा डोकावते, ती म्हणजे मागच्या मोकळ्या जागेत पर्गोला उभारण्याची. शब्द इटलीकडचा, पण वस्तू आपल्याला अनोळखी नाही. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर अंतराअंतराने पट्ट्या आणि त्यावर चढवलेला वेल; आपल्या भाषेत हा मांडवच. नाशिक आणि सांगलीकडील द्राक्षबागांत तो तारांवर उभा असतो, एवढाच फरक.

सुट्टीच्या दिवसांत घरच्या घरी हे काम करता येते. मात्र नक्षी निवडताना आपण दिसण्याला भुलतो आणि सूर्याला विसरतो. प्रस्तुत लेखकाने नेमकी हीच चूक केली. पुण्यातील आमचे परसदार पश्चिमेचे, दहा फूट खोल आणि बारा फूट रुंद. आईला (वय ७९) दुपारी तेथे भाजी निवडत बसण्याची सवय. उन्हाळ्यात मात्र ती जागा तिला सोडावी लागे. तिच्यासाठीच मांडव घातला. एका परदेशी पुस्तकातील आराखड्याप्रमाणे पट्ट्या घराच्या भिंतीकडून बाहेर, म्हणजे पूर्व-पश्चिम टाकल्या. मे महिना आला आणि मांडवाखाली लख्ख ऊन! आईने काही न बोलता आपला पाट पुन्हा स्वयंपाकघरात नेला.

पुस्तक खोटे नव्हते, ते आपल्यासाठी नव्हते. युरोप-अमेरिकेत भर उन्हाळ्यातही माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम पट्ट्या त्याला आडव्या येतात. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. मेच्या मध्यावर सूर्य येथे थेट डोक्यावरून जातो आणि दिवसभर जवळजवळ पूर्व-पश्चिम रेषेतच फिरतो. पट्ट्याही त्याच रेषेत असल्या तर त्या त्याला अडवणार कशा? सावली पडते ती केवळ पट्टीच्या जाडीची.

आता हिशेब पाहा. पट्टी एक इंच जाड, चार इंच उभी आणि दोन पट्ट्यांत चार इंचांची फट, अशी रचना धरू. पट्ट्या पूर्व-पश्चिम असतील तर मेमध्ये सावली सुमारे एक पंचमांश. त्याच पट्ट्या दक्षिणोत्तर फिरवल्या तर दुपारी दोनच्या सुमारास निम्मी आणि तीनपर्यंत जवळजवळ पाऊण जागा सावलीत येते. पट्टी उभी ठेवणे महत्त्वाचे. आडवी ठेवली तर ती वाकते लवकर आणि कललेले ऊन अडवते कमी. शिवाय डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, तेव्हा याच फटींतून हवेहवेसे ऊन आत उतरते. थोडक्यात, आम्ही नव्या तीन तुळया भिंतीकडून खांबांकडे टाकल्या, जुन्या पट्ट्या कापून त्यांवर आडव्या बसवल्या. काही लाकूड वाया गेले.

एवढ्याने भागत नाही. सूर्य खाली उतरू लागला की ऊन छतातून नव्हे, बाजूने शिरते. आठ फुटी खांब असतील तर चारच्या सुमारास ते जमिनीवर सुमारे नऊ फूट आत येते. म्हणून पश्चिमेच्या परसदाराला छत आणि उभी जाळी दोन्ही हवीत; नुसते छत घालणे म्हणजे डोक्यावर छत्री धरून समोरचे ऊन सोसणे. पूर्वेच्या परसदाराला ही चिंता नाही, कारण दुपारनंतर घराचीच सावली तेथे पडते. तेथे विरळ पट्ट्या किंवा तारांचा मांडवही पुरतो.

लाकडात सागवान उत्तम, पण महाग. लोखंडी चौकोनी पाइप स्वस्तात पडतो आणि वाळवीची भीती नाही. मात्र रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर रंग दर दोन-तीन वर्षांनी द्यावाच लागतो. बांबू देखणा दिसतो, परंतु प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो. टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेलाच घ्यावा. लाकडी खांब थेट काँक्रीटमध्ये पुरू नये. बुडाशी पाणी साचून तो तेथेच कुजतो. काँक्रीटमध्ये लोखंडी बूट बसवून खांब जमिनीपासून दोन इंच वर ठेवावा.

वर पत्रा टाकण्याचा मोह अनेकांना होतो. पावसाची सोय होते खरी, पण वळवाच्या वाऱ्यात तो पत्रा शिडासारखा फुगतो. पट्ट्यांतून मात्र वारा निघून जातो. शिवाय छप्पर बंद केले की ते बांधकामात धरले जाण्याची शक्यता असते. पालिकेत आणि सोसायटीत आधी विचारलेले बरे.

वेलाचेही तसेच. दोडका-घोसाळे जूनमध्ये लावले तर छान चढतात, पण तेव्हा सावलीची गरजच उरत नाही. बोगनवेल भरगच्च होते, मात्र खाली बसणाऱ्यावर काटेरी फांद्या लोंबतात. आम्ही पश्चिमेच्या जाळीवर मधुमालती लावली. पहिल्या उन्हाळ्यात ती अर्धी जाळीही झाकू शकली नाही, म्हणून उरलेल्या भागावर जुनी चटई बांधली. आईचा पाट तूर्त चटईच्या बाजूला आहे.