आमटी सांगता येते

पुरणपोळी कशी करता असं विचारलं की मराठी घरात सांगणारा लगेच तपशिलात शिरतो. डाळ किती शिजवायची, गूळ कधी घालायचा, पुरणात उलथनं उभं राहिलं की उतरवायचं, कणकेला तेल किती पाजायचं, सगळं ओळीने बाहेर पडतं. तोच प्रश्न आमटीबद्दल विचारला तर उत्तर एका वाक्यात आटोपतं: त्यात काय सांगायचं, डाळ शिजवायची, फोडणी द्यायची, चिंचगूळ घालायचा, झालं. वर्षातून दोनचार वेळा होणाऱ्या पदार्थाची कृती तोंडपाठ आणि रोज रात्री ताटात येणाऱ्या पदार्थाची कृती कोणीच नीट न सांगितलेली, असा हा उलटा हिशेब आहे. रोजचं काम अंगवळणी पडतं आणि अंगवळणी पडलेलं काम करणाऱ्याला स्वतःला दिसेनासं होतं. मग चांगल्या आमटीचं कारण शोधताना आपण हाताच्या चवीपाशी थांबतो. मला हे थांबणं पटत नाही. रोजच्या रात्रीच्या जेवणाचं कौशल्य काही खुणांमध्ये असतं. त्या डोळ्यांना, कानांना, नाकाला कळतात आणि शब्दांत सांगताही येतात. कृती एकमेकांना द्यायच्या तर साहित्याच्या यादीसोबत या खुणा द्याव्या लागतील. त्या दिल्या नाहीत म्हणूनच यादी हातात असूनही नवख्याची आमटी फसते.

तुरीची डाळच घेऊ. कुकरला तीन शिट्ट्या, असं सर्रास सांगितलं जातं. पण शिट्टी हे डाळ शिजल्याचं माप होऊ शकत नाही. कुकरच्या आत दाब वाढून पाणी साधारण 120 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, आणि डाळ शिजते ती त्या उष्णतेत गेलेल्या वेळामुळे. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चटकन होतात, बारीक आचेवर त्यांनाच दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. शिवाय डाळ जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी असेल तर ती दाद देत नाही, कारण पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडून धरणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. आंबटाचंही तसंच. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळीबरोबरच कुकरात घातला तर डाळ कणीदार राहते, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. हा नियम पिढ्यानपिढ्या पाळला जातो, पण कारणासकट क्वचितच सांगितला जातो. डाळ अर्धा तास भिजवावी, शिजवताना चिमूटभर हिंग, हळद आणि थेंबभर तेल घालावं. तेलाने फेस बसतो आणि कुकरच्या झाकणाशी डाळ उतू येत नाही. डाळ झाली की नाही हे शिट्टीला न विचारता डाळीलाच विचारावं. दाणा दोन बोटांत धरला की मधे कण लागता कामा नये, आणि पळीने घोटताच डाळ पाण्याशी एकजीव व्हायला हवी. एकजीव न झालेल्या डाळीची आमटी ताटात वेगळी पडते, वर पाणी आणि खाली गाळ. मग कितीही चांगला मसाला घातला तरी ती भाताला धरत नाही.

फोडणीत तर सगळा खेळ क्रमाचा आहे. हा क्रम परंपरेचा म्हणून सांगितला जातो, पण प्रत्येक पायरीमागे साधं भौतिक कारण आहे. मोहरीच्या दाण्यात थोडं पाणी असतं. तेल पुरेसं तापलं की त्याची वाफ होते आणि दाणा तडतडतो. तडतड ऐकू येणं म्हणजे तेल पुढच्या जिनसांसाठी तयार असल्याची खूण. तेल कोमट असताना मोहरी टाकली तर ती नुसती तेल पिते आणि पुढे दाताखाली कडवट लागते. जिरं मोहरीपेक्षा लवकर करपतं, म्हणून ते तडतड सुरू झाल्यावर. मेथीचे दाणे घालायचे तर लालसर झाले की पुरे, काळे झाले की आमटी कडू. कच्च्या हिंगाचा उग्र वास गरम तेलात काही क्षणांत मऊ होतो. कढीपत्त्याला पाणी असल्याने तो टाकताच तेल उडतं, म्हणून पानं पुसून घ्यावीत आणि पातेल्यापासून थोडं मागे सरावं. हळद आणि तिखट सर्वांत शेवटी, तेही आच बंद करून, कारण या दोन्ही पुडी इतक्या बारीक असतात की दुसऱ्या-तिसऱ्या क्षणीच करपतात. हळदीचा रंग आणि तिखटाचा रंग दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात तितके नाही, म्हणून ती वरून आमटीत टाकण्यापेक्षा फोडणीत घातलेली बरी. तिखट पडल्यावर लगेच घोटलेली डाळ ओतायची. इथे चूक झाली की ठसका लागतो आणि घरभर कळतं. ही चूक दुरुस्त होत नाही, फोडणी टाकून नवी करणं हाच उपाय. कृती सांगणाऱ्याने हेही सांगायला हवं की कोणती चूक निस्तरता येते आणि कोणती येत नाही. छापील कृतीत हा भाग बहुतेक वेळा नसतोच.

निस्तरता येणाऱ्या चुका पुढच्या टप्प्यात आहेत. चिंचेचा कोळ घातल्यावर आमटी उकळू द्यायची, कोळाचा कच्चा वास जाईपर्यंत. मग गूळ, मीठ, गोडा मसाला. आंबट जास्त झालं तर गूळ वाढवून जमतं, पातळ झाली तर आणखी उकळून, आणि खारट झाली तर बिनमिठाची डाळ किंवा पाणी वाढवून. खारटपणावर बटाट्याच्या फोडी टाकण्याचा उपाय सांगतात, पण बटाटा जेवढं पाणी शोषतो तेवढंच मीठ त्याच्याबरोबर जातं, उरलेल्या आमटीचा खारटपणा तोच राहतो. चव बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: आमटी भातात कालवून खाल्ली जाते, आणि भात अळणी असतो. पळीतली आमटी चाखताना मीठ किंचित पुढे वाटलं तर ताटात ते बरोबर बसतं. दाटपणाचंही असंच. डाळीतला स्टार्च थंड होताना आवळतो, म्हणून ताटात हवी त्याहून थोडी सैल असतानाच आमटी उतरवायची. भाकरीबरोबर चुरून खायची असेल तर आणखी वेगळं माप. ही सगळी मापं जेवणाऱ्याच्या ताटावरून मागे मोजत यावी लागतात.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. नवख्याला खुणा कळत नाहीत, त्याला आकडे हवेत. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांनी कित्येक नव्या संसारांना हात दिला. अंदाजे घाला, चवीपुरतं घाला, असं सांगून कुणाला स्वयंपाक येत नाही. हे खरं आहे, आणि आकडे टाकून द्यावेत असं मी म्हणत नाही. पण वाटी तरी घरोघरी सारखी कुठे असते? तरीही ती मापं जमतात, कारण वाटी प्रमाण सांगते: इतक्याला तितकं. प्रमाण जिथपर्यंत नेतं तिथून पुढे खूणच लागते. तांदळाचंच बघा. जुना तांदूळ जास्त पाणी खातो, नव्याला तेवढंच घातलं तर भाताचा गिचका होतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी मऊ, चिकटसर होतात, कोलम मोकळा राहतो. एका वाटीला दोन वाट्या पाणी हा नियम यांतल्या एकाला नेमका लागू, दुसऱ्याला चुकीचा. भाकरीला तर आकडा जवळजवळ निरुपयोगी. ज्वारीत ग्लुटेन नसतं, तिला धरून ठेवतो तो गरम पाण्याने फुगलेला स्टार्च आणि पिठाचा ताजेपणा. पीठ विरी गेलेलं असेल तर कितीही मळा, थापताना कडा फाटतातच. मग उकळत्या पाण्यात उकड काढून घ्यावी लागते. तव्यावर टाकल्यावर वरून लावलेलं पाणी सुकत आलं की उलटायची. ओली असताना उलटली तर चिकटते, फार सुकू दिली तर भेगा पडून फुगत नाही. यातलं कोणतंही वाक्य ग्रॅममध्ये लिहिता येणार नाही, आणि यातलं प्रत्येक वाक्य फोनवरूनसुद्धा सांगता येईल.

दुसरा आक्षेप यापेक्षा गंभीर आहे, आणि तो टाळून घरच्या जेवणाचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. रोजच्या ताज्या, घरच्या, साध्या जेवणाचा जितका गौरव करावा तितकी घरातली बाई चुलीला बांधली जाते, असं हा आक्षेप म्हणतो. त्याला आधार आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात 81.2 टक्के स्त्रिया दिसल्या आणि पुरुष 26.1 टक्के. जे हे काम करतात त्यांतही स्त्रीची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात जातात, पुरुषाची 97. यात झाडलोट, धुणीभांडी सगळंच आलं, पण रोज न चुकता दोनदा करावं लागणारं काम स्वयंपाकाचं. मला दिसतं ते असं की हाताच्या चवीचं कौतुक या आकड्यांना खतपाणी घालतं. तुझ्या हातची आमटी कुणाला जमत नाही, हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असतं, पण त्याचा अर्थ उद्याही तूच कर असा होतो. न सांगितलेलं कौशल्य ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतं, आणि कामही त्याच्याच गळ्यात राहतं. ज्या घरात आमटीच्या खुणा मोठ्याने बोलल्या जातात, तिथे उशिरा घरी येणाऱ्या आईची वाट न बघता मुलगा कुकर लावू शकतो. आजोबा फोडणी देऊ शकतात. बोलणं पुरेसं नाही, ओट्यापाशी उभं राहण्याची तयारीही हवी, हे कबूल. पण येत नाही ही सबब तरी त्याने उरत नाही, आणि बहुतेक घरांत अडतं ते त्या सबबीपाशीच.

लिहून-सांगून चव एकसाची होईल, सगळ्यांची आमटी एकाच ठशाची होईल, अशीही भीती घातली जाते. मला उलटं वाटतं. एकसाचीपणा आला तो फार थोड्या घरांचं स्वयंपाकघर छापलं गेलं म्हणून. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं, म्हणजे मराठीत पाकपुस्तकं लिहिली जाऊन दीड शतक होत आलं. इतक्या काळात चिंचगुळाच्या आणि गोड्या मसाल्याच्या आमटीला मराठी आमटी म्हणायची सवय लागली. पण कोकणात आंबटाला आमसूल असतं, कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाल्याशिवाय कालवण पुढे सरकत नाही, खानदेशात दाण्याच्या कुटाने रस्सा दाट होतो, गोव्यात बांगड्याच्या कालवणात तिरफळं ठेचून पडतात. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आलं, तेव्हा मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या रोजच्या अन्नाची, तेला-तुपाचा तुटवडा असलेल्या चुलीवरच्या कृतींची, छापील मराठीत एवढी दखल घेतली गेली. ते अन्न त्याआधीही रोज रात्री शिजतच होतं. आणखी घरांनी आपापल्या खुणा सांगाव्यात, हाच एकसाचीपणावर मला दिसणारा उपाय आहे.

रोजच्या कृतीत आणखी एक भाग येतो, तो एका पदार्थाचा नसतो. सकाळचं वरण रात्री आमटी होतं. उरलेल्या आमटीत पाणी वाढवून कणकेचे तुकडे सोडले की वरणफळं, म्हणजेच चकोल्या. पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी, भात उरला तर फोडणीचा भात. इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू भात शिजवूनही मरत नाहीत, आणि उबदार ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात ते वाढतात. त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा परतून जात नाही. म्हणून उरलेला भात वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. वेळ अगदीच नसेल त्या रात्रीसाठी पिठलं. त्यातली एकच मेख: बेसन उकळत्या पाण्यात थेट पडलं तर गोळीचा बाहेरचा थर फुगून आतलं पीठ कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. थंड पाण्यात आधी कालवून मग फोडणीत ओतावं, आणि पहिली उकळी येईपर्यंत हात थांबवू नये. रटरट सुरू झाली की झाकण, कारण पिठल्याचे शिंतोडे मनगटावर भाजतात.

सर्वांत कमी सांगितला जातो तो विस्तव पेटण्याआधीचा भाग. भाजीवाल्याकडून आलेली मेथी आणि चुका आधी संपवायचे, दुधी आणि लाल भोपळा थांबू शकतात. विरजण रात्री झोपताना लावायचं, दूध बोटाला सोसेल इतकं कोमट असताना, आणि थंडीत भांडं उबेला ठेवायचं. स्वयंपाकाला मदत करू का असं विचारणाऱ्याला आपण कांदा चिरायला देतो, आणि हे ठरवण्याचं ओझं तसंच एका डोक्यात राहतं. तेही कृतीतच धरलं पाहिजे. उसळीची कृती कुणाला द्यायची असेल तर तिची सुरुवात फोडणीपासून नको. मटकी मंगळवारी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची, उन्हाळ्यात बुधवारी दुपारपर्यंत मोड येतात, थंडीत गुरुवार उजाडतो. ही ओळ आधी लिहावी, आणि भिजत घालण्याचं काम कुणाकडे आहे तेही तिथेच लिहावं.