ॲम्प घ्यायचा का? आधी पाच मिनिटांचं गणित

ज्यांना लोकलच्या गोंगाटात ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार.

इनबॉक्समध्ये एकाच धाटणीचे मेसेज येतायत. "दादा, सेनहायझरचा एचडी ६५० घेतला. ३०० ओहमचा आहे. फोनला लावला तर दम वाटत नाही. १५ हजारांचा ॲम्प घेऊ का?" थांबा. आधी गणित करू. दुकानदार ते करून देणार नाही, कारण मग बरेच जण रिकाम्या हाताने घरी जातील.

सगळे ओहमवर अडकतात, पण ओहम एकटा काहीच सांगत नाही. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती वीज दिली की किती आवाज निघतो. एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की कंपनीच्या आकड्यानुसार १०३ डेसिबल मिळतात. आपण ऐकतो साधारण ७५-८० ला, पण तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका त्यावर पंधरा-वीस डेसिबल सहज उडी मारतो. म्हणून मी शिल्लक धरून ११० ची सोय करतो. त्याला लागतात सव्वादोन व्होल्ट. पॉवर किती? जेमतेम १७ मिलिवॉट!

आता हायफायमॅनचा एचई-६ बघा. फक्त ५० ओहमचा, म्हणजे 'सोपा' वाटतो ना? पण त्याची सेन्सिटिव्हिटी आहे ८३.५ डेसिबल प्रति मिलिवॉट. त्याच ११० साठी त्याला जवळपास ४५० मिलिवॉट हवेत. एचडी ६५० साडेसात मिलिअँपिअर करंटवर भागवतो, हा ९५ मागतो. ओहम सहापट कमी, भूक पंचवीसपटीहून जास्त. याला खरंच दणकट ॲम्प लागतो.

मग एचडी ६५० वाल्यांचं काय? ॲपलचा टाइप-सी डोंगल (युरोपातला सोडून) साधारण १ व्होल्ट देतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मात्र तो दबकाच वाजतो, हे लक्षात ठेवा. आजची सिनेमाची गाणी मुळातच चढ्या आवाजात मास्टर केलेली असतात, त्यांना १ व्होल्ट पुरतो. अडतं ते शास्त्रीय मैफलीच्या रेकॉर्डिंगला. संथ आलाप हळू, आणि मग एकदम तान. तिथे व्हॉल्यूम शेवटापर्यंत नेऊनही कमी वाटतं. २ व्होल्टचा डोंगल घेतला तर ६ डेसिबल वाढतात, बहुतेकांचं तेवढ्यात काम होतं.

ॲम्पचा दुसरा आकडा म्हणजे आउटपुट इम्पिडन्स. तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा. एचडी ६५० चे ३०० ओहम हे नावापुरते. बासच्या पट्ट्यात ते ५०० च्या आसपास जातात. शंभरेक ओहम आउटपुटचा ट्यूब ॲम्प लावला तर तिथे जवळपास १ डेसिबल जास्त मिळतो. लोक ज्याला ट्यूबची 'ऊब' म्हणतात, त्यातला काही भाग हाच. आवडत असेल तर खुशाल घ्या, पण ती जादू नाही, व्होल्टेज डिव्हायडर आहे. बारावीच्या फिजिक्सला होता.

दोन ॲम्प तुलना करून घेणार असाल तर आवाज आधी सारखा करा. १ डेसिबलचा फरक कानाला 'मोठा' नाही, 'चांगला' वाटतो, आणि पैसे तिथेच जातात. १०० हर्ट्झचा टोन वाजवा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्हींचं व्होल्टेज जुळवा. स्वस्त मीटर वरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतात, म्हणून १००. मग मित्राला बदलायला सांगा, तुम्ही बघू नका.

आणि ब्लूटूथवाले हो, तुमच्या हेडफोनच्या आतच ॲम्प असतो. पैसे वाचले!

जे घेणार आहेत त्यांच्यासाठी: जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, ९० ला तीच ४ तासांवर येते. म्हणून गेन 'लो' वर, नॉब शून्यावर, मगच हेडफोन डोक्यावर.