दोन दिवाळ्यांचा संगणक

कोषागारात एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याच्याकडे एखादा तरुण सल्ला मागावयास आला तर तो बहुधा आपल्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांविषयी किंवा मुदतठेवीच्या व्याजाविषयी असतो, त्यामुळे २०२३ च्या दसऱ्याच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा डोंबिवलीहून मुद्दाम आला आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून, "मामा, एवढ्या पैशांत गेमिंगचा पीसी बसवायचाय, तुम्ही फक्त आकडे बघा," असे म्हणाला, तेव्हा मी काही न बोलता प्रथम चष्मा पुसला. कागदावर सात बाबी होत्या, त्यांची बेरीज ५५,००० रुपये होती, आणि खाली तांबड्या शाईने लिहिलेली जमेची रक्कम ३५,००० होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएमपीएस यांपैकी एकाही शब्दाशी माझा परिचय नव्हता. परंतु वीस हजारांची तूट ही पाटबंधारे खात्याच्या कागदावर असो की भाच्याच्या, मला ती लांबूनच दिसते.

अशा तुटीवर अननुभवी कारकून जो उपाय सुचवितो तोच भाच्याच्या मित्रांनीही सुचविला होता: प्रत्येक बाबीतून थोडे थोडे छाटावे आणि बेरीज जुळवावी. हा उपाय दिसावयास न्याय्य, पण परिणामी सर्वांत खर्चिक असतो. रस्त्याचे डांबर एक वर्ष उशिरा पडले तर प्रवाशांना धक्के बसतात एवढेच. मोरीचा पाया स्वस्तात उरकला तर मात्र पहिल्याच पावसाळ्यानंतर मोरीसह रस्ताही पुन्हा बांधावा लागतो. सबब पैसे अपुरे असताना विचारावयाचा प्रश्न 'काय स्वस्त मिळेल' हा नसून 'कशावाचून आज चालेल आणि उद्या ते जसेच्या तसे जोडता येईल' हा असतो. या एका प्रश्नाच्या आधारे आम्ही दोघांनी पंधरा दिवस त्या सात बाबींची छाननी केली.

पैसा नेमका कोठे जातो हे कळण्यासाठी खेळ चालू असताना आत काय घडते ते पाहिले पाहिजे. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. हालचाल डोळ्यांना सलग वाटावी म्हणून हे संपूर्ण चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागते, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार बिंदूंचा रंग ठरवावा लागतो. शत्रू कोठे दडला आहे, गोळी भिंतीला लागली की माणसाला, याचा निवाडा प्रोसेसर करतो. पण त्या निवाड्याचे चित्र काढण्याची प्रचंड, एकसुरी मजुरी ग्राफिक कार्डाकडे असते. एक कारभारी आणि हजारो बिगारी असा हा संसार आहे. यामुळेच खेळांसाठीच्या यंत्रात सर्वांत मोठा वाटा कार्डाचा असतो. भाच्याच्या कागदाची मी शेकडेवारी काढली तेव्हा ती अशी निघाली: ग्राफिक कार्ड ४०, प्रोसेसर २०, मदरबोर्ड १३, एसएमपीएस ८, रॅम ७, एसएसडी ६ आणि कॅबिनेट ६. पंचावन्न हजारांचे चाळीस टक्के म्हणजे बावीस हजार. तूट वीस हजारांची आणि कार्ड बावीस हजारांचे, हे पाहताच मी पेन खाली ठेवले. तूट सर्व बाबींत विभागलेली नव्हतीच. ती एकाच बाबीत गोळा झालेली होती, आणि ती बाब पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलली की हाती दोन हजारांची शिल्लक राहत होती.

पण ग्राफिक कार्डावाचून पडद्यावर चित्र उमटणार कसे, हा भाच्याचा आक्षेप रास्त होता. त्याचे उत्तर प्रोसेसरच्या नावाच्या शेवटच्या अक्षरात सापडले. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या आकड्यापुढे 'एफ' असते, त्याच्या पोटात चित्र काढण्याची काहीच सोय नसते. तो थोडा स्वस्त मिळतो, परंतु स्वतंत्र कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या २०२१ सालच्या प्रोसेसरात मात्र सहा गाभ्यांच्या जोडीला एक लहानसे ग्राफिक्सही बसविलेले आहे. व्हॅलोरंटसारखा हलका खेळ त्यावर सहज चालतो, २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५ चित्रांची प्रत उतरविल्यास बऱ्यापैकी चालतो, आणि सायबरपंक २०७७ सारख्या जडशीळ खेळाचे मात्र नाव काढू नये. एका वर्षाच्या तात्पुरत्या बिऱ्हाडास एवढी सोय पुरेशी होती.

या बिऱ्हाडाची एक अट होती, आणि ती रॅमविषयी होती. स्वतंत्र कार्डाची स्वतःची स्मृती असते. प्रोसेसरच्या पोटातले ग्राफिक्स मात्र यंत्राच्या सामाईक रॅमवरच पोसले जाते, त्यामुळे रॅम किती आहे याइतकेच ती किती वेगाने पोचते याला महत्त्व येते. डीडीआर४ जातीची ३२०० वेगाची एक स्टिक सेकंदाला सुमारे २५.६ जीबी माहिती पुरविते. तशाच दोन स्टिक दोन वेगळ्या मार्गांवर बसविल्या तर हाच पुरवठा ५१.२ जीबी होतो. म्हणून १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणे, किंमत जवळपास सारखीच असली तरी, फार शहाणपणाचे ठरते. त्या दोन्ही शेजारी शेजारी खोचून चालत नाही. चार स्लॉटच्या बोर्डात सामान्यतः प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट त्यांच्यासाठी असतो. शिवाय यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, जाऊन रॅमला तिचा छापील वेग देणारी एक्सएमपीची नोंद चालू केली नाही, तर ३२०० ची रॅम कमी वेगाने निमूटपणे काम करीत राहते आणि मालकाला वर्षानुवर्षे त्याचा पत्ता लागत नाही.

मदरबोर्ड आणि एसएमपीएस या दोन बाबी मी मोरीच्या पायात धरल्या. एएमडीचे एएम४ हे सॉकेट रायझनच्या पहिल्या पिढीपासून, म्हणजे २०१७ पासून, चालत आले. त्यानंतर आलेल्या एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते आणि एकूण खर्चाची पायरी वर जाते. एएम४ हा आता संपत आलेला रस्ता आहे हे खरे. परंतु ज्याला एवढ्याच रस्त्यावर घर बांधावयाचे आहे, त्याला तो संपतो याचे दुःख करण्याचे कारण नसते. आम्ही बी५५० चिपसेटचा, चार रॅम-स्लॉटांचा बोर्ड ठरविला.

एसएमपीएसची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण ही एकच अशी वस्तू आहे की जी मरताना एकटी मरत नाही. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज १२ व्होल्टच्या शांत, स्थिर प्रवाहात बदलून ती सर्व भागांना पुरविणे हे तिचे काम. ते बिघडले तर बोर्ड, प्रोसेसर आणि कार्ड या सर्वांना ती सोबत नेऊ शकते. तरीही स्वस्त कॅबिनेटाबरोबर 'मोफत' येणारा एसएमपीएस घेऊन लोक समाधान मानतात, आणि त्यावर छापलेला ४५० वॅटचा आकडा हा देण्याच्या क्षमतेचा आहे की केवळ छापण्याच्या, हे कोणी विचारीत नाही. ८० प्लस ब्राँझ हे चिन्ह असलेला एसएमपीएस अर्ध्या भाराला सुमारे ८५ टक्के कार्यक्षमता देतो, म्हणजे आत अडीचशे वॅट लागत असतील तर भिंतीतून तो सुमारे २९४ घेतो आणि उरलेल्यांची उष्णता होते. मात्र हे चिन्ह कार्यक्षमतेचे आहे, संरक्षक मंडलांच्या दर्जाचे नव्हे. म्हणून नावाजलेली कंपनी आणि पाच वर्षांच्या आसपासची हमी याही गोष्टी पाहाव्या लागतात. पुढील वर्षीच्या कार्डाची भूक आजच धरून आम्ही ५५० वॅटचा ठरविला, आणि हाती राहिलेले ते दोन हजार रुपये, भाच्याच्या मनात रंगीत दिव्यांचे पंखे असतानाही, या एकाच बाबीत घातले. त्या दिवशी तो माझ्यावर जरा रुसला होता.

धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवारी दादरला गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव या रस्त्याला होते. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु रॅमचा भाव विचारणाऱ्याच्या तोंडी जुनेच नाव असते. तेथे एका दुकानात आमच्या यादीकडे न पाहताच, 'आय ७, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक' असे तयार यंत्र पंचवीस हजारांत देऊ केले गेले. भाच्याने कोणत्या पिढीचा आय ७, असे विचारताच विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आय ७-२६०० हा २०११ सालचा प्रोसेसर आहे, आणि २०२२ सालचा साधा आय ३-१२१०० त्याला सहज मागे टाकतो. नावातला सात हा घराण्याचा मान आहे, वयाचा दाखला नव्हे. ग्राफिक कार्डाच्या जीबीचेही तेच. जीटी १०३० या एकाच नावाखाली दोन कार्डे विकली गेली, एकाची स्मृती सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवी आणि दुसऱ्याची जेमतेम १७. खोक्यावर दोघांचेही २ जीबीच. जीबी हा गोदामाचा आकार आहे, आणि खेळाला गोदामापेक्षा त्याचे दार रुंद असावे लागते.

उरलेल्या बाबी चटकन उरकल्या. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई घेतली, कारण जुन्या हार्ड डिस्कवर खेळ उघडेपर्यंत चहा निवतो. कॅबिनेट काचेच्या तोंडाचे न घेता जाळीच्या तोंडाचे घेतले. मे महिन्यात खोलीतच पस्तीस अंश असताना पंख्याने बाहेरची हवा आत ओढली नाही तर प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो. मॉनिटरची तरतूद यादीत नव्हतीच, आणि ही चूक बहुतेक नवशिक्यांची होते. आम्ही ती गरज घरच्या दूरदर्शन संचावर, त्याचा गेम मोड चालू करून, भागविली. प्रत्येक वस्तूचे जीएसटीसह पक्के बिल घेतले आणि त्यावर सिरीयल क्रमांक लिहवून घेतला, कारण हमीचा दावा पुढे वस्तूवर नव्हे, कागदावर उभा राहतो.

वर्ष गेले. २०२४ च्या दिवाळीपर्यंत भाच्याने शिकवण्या करून वीस हजार साठविले, आणि आता त्याला कार्डाची घाई झाली. बारा हजारांत मिळणाऱ्या आरएक्स ६५०० एक्सटीवर त्याचे मन बसले होते, आणि येथे पुन्हा जुना प्रोसेसर साक्षीला आला. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यामधला मार्ग लेनमध्ये मोजतात. ६५०० एक्सटीला चारच लेन आहेत. नव्या पीसीआयई ४ मार्गावर त्या पुरतात, परंतु आमच्या ५६००जी मध्ये पीसीआयई ३ आहे, म्हणजे प्रत्येक लेनची वाहतूक निम्मी. कार्डाची ४ जीबी स्मृती भरली की उरलेली माहिती रॅममधून याच अरुंद बोळातून आणावी लागते, आणि खेळ नेमका चकमकीच्या वेळी अडखळतो. आरएक्स ६६०० ला मात्र आठ लेन, ८ जीबी स्मृती आणि सेकंदाला २२४ जीबीचे दार आहे. भूक १३२ वॅटची, एका आठ पिनी जोडणीची. वापरलेल्या कार्डांचाही विचार केला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलल्यावर त्याच्या खाणकामात राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात उतरली होती. पण त्यांच्याबरोबर बिल येत नाही आणि अर्धा तास चालवून पाहावयास विक्रेता तयार नसतो. आणखी काही रक्कम माझ्याकडून उसनी घेऊन त्याने ६६०० घेतले. कॅबिनेट उघडले, कार्ड खोचले, एसएमपीएसची मोकळी पडलेली तार जोडली. जुनी एकही वस्तू काढावी लागली नाही.

माझ्या हिशेबातही एक चूक निघाली, ती लपविणे एका माजी लेखापरीक्षकाला शोभणार नाही. बोर्डावर दोन स्लॉट मोकळे आहेत, तेव्हा आणखी रॅम केव्हाही स्वस्तात घेता येईल, असे मी भाच्याला खात्रीने सांगितले होते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदागारांनी स्मृतीचा पुरवठा ओढून घेतला, रॅमचे भाव भडकले, आणि ते दोन स्लॉट अद्याप मोकळेच आहेत. पुढे ढकललेला खर्च उद्या स्वस्तच होतो असे नाही. ढकलता येण्याचा फायदा एवढाच, की तोपर्यंत यंत्र चालू राहते.

भाचा आता वहीत यंत्राचे खाते ठेवतो. परवा त्याने ती मला तपासावयास दिली. रॅमच्या पानावर भावांची खाडाखोड आहे, कार्डाच्या पानावर माझ्या उसनवारीची परतफेड हप्त्याहप्त्याने उतरली आहे; आणि ज्या पानासाठी तो माझ्यावर रुसला होता त्या एसएमपीएसच्या पानावर पहिल्या खरेदीच्या ओळीखाली काहीच नाही. मी त्या कोऱ्या पानाखाली सवयीने 'तपासले' असे लिहून सही केली.