खानदेशचा उन्हाळा आणि मोटारीचे घरगुती प्लॅस्टिक भाग

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी नळ्या व प्लॅस्टिकच्या चटया यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडील एखाद्या हौशी गृहस्थाने जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डाची मोडलेली जाळी वा आरशाचे कवच घरीच करावयाचे ठरविले, तर नळीचा तुकडा सहज हाताशी येतो. तो उभा चिरून, तापवून लाकडी ठोकळ्यावर दाबला की हवा तो आकार घेतो. परंतु हा गुणच येथे दोष ठरतो. पीव्हीसी ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. त्रिमिती छपाईतील पीएलए तर ६० अंशांच्या आसपासच. मे महिन्यात जळगावचे तापमान ४५ अंशांपर्यंत चढते आणि उन्हात बंद उभ्या मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापू शकतो. चार दिवस खपून केलेला भाग मग एका दुपारीत वाकतो. एबीएस मात्र सुमारे १०० अंशांपर्यंत आकार सोडीत नाही.

बाह्य भागांसाठी काचतंतू व पॉलिएस्टर राळ अधिक बरी. एकदा कठीण झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही. तथापि घट्ट होताना ती स्वतःच उष्णता निर्माण करते. म्हणून शेकडा १ ते २ हे उत्प्रेरकाचे नेहमीचे प्रमाण उन्हाळ्यात खालच्या बाजूस ठेवून, पहाटे, थोडी थोडी राळ कालवावी. एरवी भांड्यातच गोळा होतो. कोबाल्टयुक्त गतिवर्धक आधी राळेत पूर्ण मिसळावा, उत्प्रेरक त्यानंतर. ही दोन द्रव्ये थेट एकत्र आल्यास स्फोट होऊ शकतो. साच्याला आतून मेण लावावयाचे राहिले, तर तयार भाग साचा फोडूनच काढावा लागतो.