साहेबाचे गाव, आपला रविवार

इंग्रज गेले आणि जाताना आपल्याला चहा व रविवारची सुट्टी देऊन गेले, असे आपण गमतीने म्हणतो. चहाचे ठीक आहे. रविवारचे मात्र तेवढे खरे नाही. साहेब रविवारी देवळात जाई, त्याच्या कचेऱ्या बंद असत. पण मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे रविवारीही वाजत. गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुट्टी हवी, ही मागणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली लावून धरली. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा सुट्टी त्याच दिवशी हवी, असे ते सांगत. सहा वर्षे हा लढा चालला. १८९० च्या एप्रिलमध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. शनिवारी दुपारी पिशवी भरून मित्रांबरोबर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नोकरदाराने पहिला नमस्कार खरे तर लोखंड्यांना करायला हवा.

आम्हा मंडळींना तो रविवार आयताच मिळाला. एकाच शाखेत कधी ना कधी काम केलेले आम्ही आठजण. कुणी रोखपाल, कुणी शेतीकर्जाच्या टेबलावरचा, कुणी लेजरमध्ये मान घालून बसलेला. शनिवारी अर्धा दिवस असे. दुपारी हिशेब जुळला की जीप सुटायची. जुळला नाही की जीप दाराशी उभी आणि सातजण आठव्याच्या व्हाउचरांत डोके घालून बसलेले. (१ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टीचा झाला, बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे. हे सुख आमच्या वाट्याला नोकरीच्या उतरणीला आले.) पन्हाळा आम्हाला जवळचा, पण तो घरचाच. दोन दिवस हाताशी असले की ओढ असायची ती साहेबाच्या गावांची. कराड, सातारा, मेढा, केळघरचा घाट आणि वर महाबळेश्वर. येताना पाचगणी, पसरणीचा घाट आणि वाई.

साहेबाचे गाव म्हणायचे, पण गाव त्याच्याआधी होतेच. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जाणारे क्षेत्र महाबळेश्वर केवढे तरी जुने. साहेबाने वसवली ती शेजारची पेठ. १८२४ साली लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी हा डोंगर चढला. साडेचार हजार फुटांवरची ती थंड हवा मुंबईच्या उकाड्याला कावलेल्या गोऱ्यांना मानवली. १८२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना वाई तालुक्यातले खंडाळा गाव देऊन त्याच्या बदल्यात हा मुलूख घेतला. पेठेला नाव पडले माल्कम पेठ. पुढे पाचगणी वसवली जॉन चेसन यांनी. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधली ती जागा. तिथले सिल्व्हर ओक त्यांच्याच हौसेचे.

या गावांची मौज अशी, की ती इंग्रजांनी आपसांत संध्याकाळ घालवता यावी म्हणून बांधली. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम इथे हलायचा. दिवसा घोड्यावरची रपेट, संध्याकाळी एखाद्या पॉइंटवर सूर्यास्त आणि रात्री पत्ते, जेवणावळी, नाच. १८८१ साली इथे क्लबही निघाला. घरची आठवण विसरायला केलेली ही सगळी आरास. त्या रात्री उजळत होत्या कुणाच्या बळावर, हे मात्र पॉइंटांच्या पाट्यांवर लिहिलेले नसते. पाट्यांवर आर्थर आहे, माल्कमच्या मुलीच्या नावाची केट आहे. साहेबांचे सामान घाटाने वर आणणारा हमाल कुठल्या पाटीवर नाही. इथे शिक्षा भोगायला आणलेले चिनी कैदीही नाहीत. १८६४ साली बंद होईपर्यंत इथे त्यांचा तुरुंग होता. बटाटे आणि इतर भाज्या त्यांनी इथे पिकवल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. वेण्णा तलाव तर साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेला. साहेबाच्या गावातले सगळेच काही साहेबाचे नाही.

आता त्या पेठेतली रात्र आपली झाली आहे. आठ वाजता बाजारात या. चणेफुटाणेवाला, चिक्की, चपलांची दुकाने, फुगे फोडायच्या बंदुका, मक्याचे पॅटिस, थंडीच्या दिवसांत स्ट्रॉबेरी आणि क्रीम. नवी जोडपी, सांगली-सोलापूरकडची कुटुंबे, गुजराती मंडळी, स्वेटर घातलेले आजोबा. सगळे एकाच रस्त्यावरून तीनदा वर आणि तीनदा खाली जातात. विकत घ्यायचे काही नसते. साडेदहाला दुकानांची फळ्या-शटरे पडू लागली की आमचे खरे नाईट लाईफ सुरू व्हायचे. म्हणजे लॉजच्या खोलीत दोन खाटा जोडून आठजण बसायचे आणि बोलायचे. बदल्या, बढत्या, बुडीत कर्जे, आईवडिलांची आजारपणे, मुलींची लग्ने. दिवसा काउंटरवर ज्याच्याशी सहीशिक्क्यापलीकडे बोलणे होत नसे, तो रात्री दोन वाजता सगळे सांगायचा. आठातले तिघे आता नाहीत. त्यांच्या आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी आम्हाला ठाऊक आहेत त्या फक्त त्या रात्रींमुळे.

लोखंड्यांची ही गोष्ट मी गेल्या वर्षी घरी जेवताना सांगत होतो. पत्नी पोळ्या करत होती. तव्यावरची पोळी उलटून ती म्हणाली, "तुमचा रविवार लोखंड्यांनी मिळवून दिला. आमचा कुणी मिळवायचा?"

प्रश्न नुसता टोमणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सहलींना बायका येत नसत असे नाही. सहकुटुंब सहली पुष्कळ झाल्या. पण त्यात डबे, थर्मास, मुलांची औषधे, सासूबाईंचे पथ्य हे सगळे बरोबर चाले. म्हणजे स्वयंपाकघर घाट चढून वर यायचे एवढेच. घराघरांत रविवार हा बाईच्या जादा कामाचा वार असतो. मटण, रस्सा, पाहुणे, आठवड्याचे धुणे, सगळे त्याच दिवशी. मजा अशी, की १८९० च्या त्या सभेत दोन गिरणी कामगार स्त्रिया बोलायला उभ्या राहिल्या होत्या. सुट्टी बायकांनीही मागितली होती. गिरणीत ती मिळाली. घरातल्या चुलीपाशी मात्र तो ठराव अजून पोहोचायचा आहे.

यंदा फेब्रुवारीत आमच्या गटातल्या सहा घरच्या सहाजणी छोटी गाडी ठरवून पाचगणीला गेल्या. सर्वांत धाकटी अठ्ठावन्न वर्षांची, थोरली सत्तरीची. त्यांतल्या दोघी त्या गेलेल्या मित्रांच्या पत्नी. घरात आधी चिंता झाली: रात्री कुठे राहणार, ड्रायव्हर ओळखीचा आहे ना, गुडघे दुखले तर? थोरल्या वहिनी म्हणाल्या, "गुडघे इथेही दुखतातच की."

रविवारी रात्री परतल्यावर मी पत्नीला विचारले, काय काय पाहिले? ती म्हणाली, "काही नाही." टेबललँडवर जाऊन बसल्या. रात्री बाजारातून तीनदा वर-खाली केले. परत येऊन गाद्या जोडल्या आणि तीन वाजेपर्यंत बोलत राहिल्या. सकाळी नऊपर्यंत कुणी उठले नाही, कारण कुणी उठवले नाही. चहा खोलीवर आला. "चहा आयता आला," हे तिने दोनदा सांगितले. गेलेल्या मित्रांपैकी एकाच्या पत्नी त्या रात्री त्याच्याबद्दल पहिल्यांदाच मनमोकळे बोलल्या. काय बोलल्या, ते मला सांगितले नाही. आमच्या खोलीतलेही बाहेर कुणाला सांगितले जात नसे.

त्या दोन दिवसांत कोल्हापुरात आमचे काही अडले नाही. एका घरी खिचडी झाली, एका घरी मिसळ आणली, आणि शनिवारी रात्री आम्ही पुरुष गंगावेशीत दूध प्यायला गेलो. पुढच्या सहलीची तारीख त्यांनी ठरवून कॅलेंडरवर लाल पेनने गोल केला आहे. आमची तारीख ती सोडून ठरेल.