झाडावरच्या घराचा सांगाडा

झाडावरचं घर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर छप्पर आणि खिडक्या येतात. जीव मात्र तोलून धरतो तो पायाखालच्या फळ्यांचा सांगाडा.

दोन खोडांवर तुळई टाकली की ती दोन्हीकडे घट्ट आवळावीशी वाटते. तसं करू नये. वाऱ्यात दोन्ही झाडं वेगवेगळी डोलतात. मधल्या तुळईवर ताण येऊन बोल्ट उपसतो नाहीतर लाकूड चिरतं. म्हणून एक टोक पक्कं करून दुसरं लांबट खाचेत सरकतं ठेवतात.

खिळ्यांच्या रांगेपेक्षा एकच जाडजूड बोल्ट बरा. झाड जखम भरून काढत नाही, ती आतल्या आत बंदिस्त करतं. जवळजवळच्या जखमा एकत्र आल्या की तिथलं लाकूड कुजू शकतं. खोडाला तार गुंडाळणं तर सर्वांत वाईट. साल आवळली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही.

तुळई आडवी नव्हे, उभ्या बाजूवर बसवा: उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते, आणि ताठपणा आठपट! बोल्ट वर्षागणिक वर सरकेल, ही भीती नको. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोड फक्त जाड होत जातं. त्यासाठी झाडाची साल आणि तुळई यांच्यात मोकळी जागा सोडावी, आणि दर पावसाळ्यानंतर नट तपासावेत.