मुलांच्या हिरड्यांकडे लक्ष द्या



गळीत हंगामात शिवारात फिरताना आया-बहिणींकडून एक गोष्ट वरचेवर कानावर येते. "पोराच्या हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून ब्रश बंद केलाय, साहेब." हा उपाय नेमका उलटा आहे. रक्त येते ते बहुधा दात नीट घासले जात नाहीत म्हणून. घासणे बंद केले की दुखणे वाढते.

कारण साधे आहे. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही तर हिरडी सुजते. पुढे थर कडक होऊन कीटण धरते. ते ब्रशने निघत नाही, डॉक्टरांकडूनच काढावे लागते.

ओळखायचे कसे? निरोगी हिरडी घट्ट असते, घासताना रक्त येत नाही. लाली, सूज, रक्त आणि तोंडाला वास ही रोगाची सुरुवात. या पायरीवर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर दाताभोवतीचे हाड झिजते. ते आपोआप भरून येत नाही. "दुधाचे दात पडणारच की" असे म्हणून सोडू नका.

काय करावे?

१) सकाळी व रात्री झोपताना, मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत हळुवार घासावे. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावे.

२) फ्लोराइडची पेस्ट ३ वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, ३ ते ६ वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पुरे.

३) मिश्री मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. ती भाजलेली तंबाखूच आहे.

४) ऊस चावल्याने दात साफ होतात, हा समज सोडावा. रस म्हणजे साखरच. पोरांनी ऊस जरूर खावा, पण दिवसभर चघळू नये. नंतर खळखळून चूळ भरावी.

दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबले नाही, पू आला किंवा पाच वर्षांच्या आत दात हलू लागला, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. रक्ताबरोबर अंगावर काळे-निळे डाग किंवा फार थकवा असेल तर लगेच दवाखाना गाठा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी व शाळेत तपासणीला येतात. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

उसाचे पान पिवळे पडले की आपण लगेच विचारपूस करतो. तेवढीच तत्परता पोरांच्या हिरडीसाठी दाखवावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी